पदवी तिची, गल्ला त्याचा

तालुक्याच्या गावातलं एखादं मेडिकल स्टोअर घ्या. भिंतीवर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि त्याच्या शेजारी फ्रेममध्ये नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र. त्यावर बी.फार्म. झालेल्या बाईंचं नाव. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं, म्हणजे हे दुकान कायद्याने उभं आहे ते बाईंच्या पदवीवर. परवाना मात्र नवऱ्याच्या नावे. भाडेकरार, करंट अकाउंट आणि स्टॉकिस्टकडची उधारीही त्याच्याच नावावर. श्रमशक्ती सर्वेक्षणाचा माणूस दारात आला आणि त्याने विचारलं, बाई काय करतात, तर घरातून उत्तर येतं, "दुकानात मदत करतात." मग तिच्या नावापुढे आकडा पडतो २१.

या आकड्यांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पदवीधर स्त्रियांच्या स्वयंरोजगारावर बोलण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात स्वयंरोजगाराचे तीन कप्पे आहेत. ११ म्हणजे पगारी माणूस न ठेवता स्वतःचा धंदा करणारा, १२ म्हणजे पगारी माणसं ठेवून धंदा चालवणारा आणि २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा. तिन्ही मिळून 'स्वयंरोजगारित'. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५१.९ टक्के या गटात होत्या, २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्के. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५३.६ टक्के. नुसतं इतकंच वाचलं तर स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त उद्योजक झाल्या असं वाटेल, आणि तसं भाषणांतून सांगितलंही जातं. पण त्या ६७.४ टक्क्यांतले ३६.७ टक्के एकट्या २१ या कप्प्यात आहेत. धंदा आहे, काम आहे, कमाई मात्र नावावर नाही.

हे आकडे सगळ्या स्त्रियांचे आहेत आणि त्यात शेतीचा वाटा मोठा आहे. पदवीधर स्त्रियांचं चित्र जरा वेगळं. शिकलेल्या स्त्रीचा कल पगारी नोकरीकडे अधिक असतो आणि नोकरी न मिळण्याचं प्रमाणही तिच्यात पदवीधर पुरुषापेक्षा जास्त आहे. २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. पदवीपर्यंत पोचण्यातलं अंतर जवळजवळ मिटलं. पदवी हातात आल्यावर ते पुन्हा कुठे उघडतं, हे पाहिलं पाहिजे.

यावर एक ठरलेलं उत्तर आहे: बायका जोखीम घ्यायला कचरतात. मग त्यांचा आत्मविश्वास वाढवण्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा, एक पेनड्राइव्ह, एक प्रमाणपत्र आणि महिला दिनाला सत्कार. हे निदानच चुकीचं आहे. पदवीधर स्त्री आणि पदवीधर पुरुष यांच्या धंद्यातला फरक स्वभावाचा नसून तासांचा, तारणाचा आणि कागदावरच्या नावाचा आहे. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, बदलताही येतात.

तासांपासून सुरुवात करू, कारण इथलं गणित सहसा कुणी मांडत नाही. फिजिओथेरपीचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात या शाखेत मुलींचीच गर्दी आहे. समजा, एकाच गावात दोन बी.पी.टीएच. पदवीधर आहेत, एक तो, एक ती. दोघांनी सारखाच गाळा घेतला आहे. भाडं, वीज, मशीनचा हप्ता आणि एक मदतनीस मिळून दोघांचाही महिन्याचा खर्च ४५,००० रुपये. एका सिटिंगचे ४०० रुपये, महिन्याला २५ दिवस. तो सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते नऊ बसतो, दिवसाला १४ सिटिंग करतो. जमा १,४०,०००, खर्च वजा जाता ९५,०००. ती सकाळचे डबे आणि शाळेची तयारी आटोपून साडेदहाला येते, दीडला मुलाला आणायला जाते, पुन्हा पाच ते साडेसहा. दिवसाला सात सिटिंग. जमा ७०,०००, हातात २५,०००.

तिने निम्मं काम केलं आणि कमाई चौथ्या हिश्श्याजवळ आली. नोकरीत अर्ध्या वेळेला अर्धा पगार मिळतो. स्वतःच्या धंद्यात तसं होत नाही, कारण गाळ्याचं भाडं मालकिणीच्या वेळापत्रकाप्रमाणे कमी होत नाही. त्यात पाठदुखीचा पेशंट ऑफिस सुटल्यावर येतो, म्हणजे सात ते नऊ. नेमकी हीच वेळ घरात तिची असावी लागते. आकडे वर मांडले ते नमुन्यादाखल, पण ज्या धंद्यात जागेचा किंवा यंत्राचा कायमचा खर्च आहे त्या प्रत्येकात गणित याच दिशेने जातं. दातांचा दवाखाना असो, पॅथॉलॉजीची लॅब असो, वास्तुविशारदाचं ऑफिस असो.

यातून वाट काढायला ती काय करते? गाळा सोडते. घरोघरी जाऊन ट्रीटमेंट देते, किंवा घरातल्या हॉलमध्ये क्लास सुरू करते, किंवा लॅपटॉपवर करता येईल ते काम धरते. कायमचा खर्च शून्यावर येतो आणि तिच्या तासांच्या हिशेबात हे शहाणपणाचंच असतं. पण गाळ्याबरोबर पाटी जाते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढचं नाव जातं, माणूस ठेवून आपल्या गैरहजेरीत काम चालू ठेवण्याची सोय जाते. उद्या विकता येईल असं काही उभं राहत नाही. दहा वर्षांनी त्याच्याकडे क्लिनिक असतं आणि तिच्याकडे फोनमधले नंबर. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या स्त्रियांच्या मालकीचे ८०.५ लाख उद्योग मोजले गेले, एकूणच्या १३.७६ टक्के. त्यातल्या ८३ टक्क्यांत एकही पगारी माणूस नव्हता. या आकड्याला लोक हिमतीचा अभाव म्हणतात. वरचं गणित एकदा करून पाहिलं की त्यामागचा हिशेब दिसतो.

आणि तास कमी का, हे काही गूढ नाही. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे तिची दहा मिनिटं वाचली, त्याचीही नऊ. शिवाय ही पुरुषांची सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये असे पुरुष जेमतेम चौथा हिस्सा होते.

"पण तिलाच तसं हवं असतं, लवचीक वेळ म्हणूनच तर ती धंद्यात येते," हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. काही स्त्रियांना ते खरोखर हवं असतं. शिवाय सगळे पदवीधर पुरुष हौसेने धंद्यात उतरतात असंही नाही. वयाच्या तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षा देऊन नंतर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकणारा मुलगा नाइलाजानेच स्वयंरोजगारित होतो. फरक पुढे पडतो. त्याच्या नाइलाजामागे घर उभं राहतं. वडील प्लॉट गहाण टाकतात, मामा गाळा बघून देतो, आणि तो रात्री दहाला घरी आला तर कुणी जाब विचारत नाही. 'पूर्णवेळ कमाव' हा दबाव त्याच्यावर असतो आणि तोही छळणारा आहे, पण त्या दबावाबरोबर साधनंही येतात. तिला 'जमेल तेवढं कर' अशी मोकळीक मिळते. ऐकायला गोड आहे, पण त्या मोकळिकीत भांडवल नसतं.

भांडवलावरून तारणाचा मुद्दा येतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. कायद्यात आता फारशी फट उरलेली नाही. फट पडते ती दुय्यम निबंधक कार्यालयात, हक्कसोडपत्रावर. वडील गेले की महिन्या-दोन महिन्यांत भाऊ बहिणींना घेऊन जातो, नाममात्र मुद्रांक शुल्कात दस्त होतो, साडीचोळी होते आणि विषय संपतो. माहेर तुटू नये ही भीती खरी आहे. तिला हसण्याचं कारण नाही. पण त्या सहीबरोबर बहीण काय सोडते? अनेकदा बँकेला तारण म्हणून दाखवता येईल अशी तिच्या आयुष्यातली एकमेव मालमत्ता. एम.बी.ए. झालेली, दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ताळेबंद वाचणारी मुलगीही त्या दस्तावर आकडा न वाचता सही करते, कारण आकडा लिहिलेलाच नसतो. भाऊ तोच सातबारा घेऊन बँकेत जातो.

तिच्या नावावर उरतं ते सोनं. म्हणून पदवीधर स्त्रीच्या धंद्याचं पहिलं भांडवल बहुधा सोनेतारण कर्जातून येतं. ते मिळतं पटकन, तासाभरात, जामीनदार न मागता. अडचण मुदतीची. सहसा वर्षभराने मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असतं. धंद्यातलं यंत्र किंवा फर्निचर आपली किंमत वसूल करायला तीन ते पाच वर्षं घेतं. बारा महिन्यांच्या पैशाने पाच वर्षांची वस्तू घेतली की पहिल्या मंदीतच दागिने लिलावाच्या नोटिशीवर येतात आणि घरात 'सांगितलं होतं' सुरू होतं. सोनेतारण वापरायचंच तर खेळत्या भांडवलासाठी वापरावं: दिवाळीचा माल, तीन महिन्यांत सुटणारी बिलं. यंत्रासाठी मुदत कर्जच हवं.

ते मागायला गेलं की नवऱ्याचं विवरणपत्र मागितलं जातं, सहअर्जदार म्हणून सही मागितली जाते. इथे एक गोष्ट माहीत असावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जावर बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. त्यावरच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई ही हमी योजना आहे आणि तिच्यात स्त्रियांच्या उद्योगांना हमीचा वाटा जास्त, शुल्क कमी असतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात आणि शहरात १५, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं. स्त्रीला ५ टक्के घालून अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के. कागदावर हे चांगलंच आहे. बिघडतं ते प्रकल्प अहवालात. जिल्हा उद्योग केंद्राच्या आसपास ठरावीक रकमेत तयार अहवाल करून देणारे बसलेले असतात. तोच पापड, तोच मसाला, तोच पत्रावळी प्लांट, फक्त नाव बदललेलं. बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी. झालेली मुलगी ऊतीसंवर्धनाच्या लॅबचा प्रस्ताव घेऊन जाते आणि 'मॅडम, मसाल्याचं टाका, लवकर मंजूर होतं' असा सल्ला घेऊन परत येते. महाराष्ट्रात स्त्री-उद्योग म्हटलं की चर्चा बचत गटावर सुरू होते आणि लोणच्यावर संपते. बचत गटांनी मोठं काम केलं आहे, पण तो साचा विद्यापीठाच्या पदवीला बसत नाही.

मग कर्जं मिळत नाहीत का? मिळतात, लहान मिळतात. मुद्रा योजनेतली सुमारे दोन तृतीयांश खाती स्त्रियांची आहेत आणि तिची सर्वात खालची पायरी, शिशु, ५०,००० रुपयांची. लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचं उद्यम पोर्टल १ जुलै २०२० ला सुरू झालं. तेव्हापासून २०२४ च्या सुरुवातीपर्यंतच्या नोंदींत स्त्रियांच्या मालकीचे उद्योग सुमारे २०.५ टक्के होते, रोजगारात त्यांचा वाटा १८.७, गुंतवणुकीत ११ आणि उलाढालीत १० टक्के. म्हणजे स्त्रीच्या उद्योगाची सरासरी उलाढाल एकूण सरासरीच्या निम्मी. पण रोजगारातला वाटा पाहा, तो जवळजवळ संख्येइतकाच आहे. कमी भांडवलात ती बाकीच्यांइतक्याच माणसांना काम देते आहे. अडतंय ते भांडवलावर, आणि हे सरकारच्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. जीएसटी-पॅनशिवायच्या अगदी छोट्या धंद्यांसाठी उद्यम असिस्ट नावाची वेगळी नोंदणी आहे. तिथे स्त्रियांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात जातं. जितका कागद कमी आणि पैसा कमी, तितक्या बायका जास्त.

आता नावाचा प्रश्न. डॉक्टर जोडप्यांची इस्पितळं ही महाराष्ट्रातल्या निमशहरी भागाची खासियत आहे. खाली दवाखाना, वर घर, ती स्त्रीरोगतज्ज्ञ, तो सर्जन किंवा बालरोगतज्ज्ञ. पदवीधर स्त्रीचा स्वयंरोजगार सर्वात भक्कम दिसतो तो इथे, कारण तिची पदवीच गिऱ्हाईक आणते आणि वरच्या मजल्यावरच्या घरामुळे जाण्या-येण्याचे तास वाचतात. तरीही अशी कित्येक इस्पितळं नवऱ्याच्या एकट्याच्या मालकीची असतात, जागा सासऱ्यांची आणि मशीनचं कर्ज त्याच्या नावे. सगळं सुरळीत असेपर्यंत यात काहीच खटकत नाही. घटस्फोट, मृत्यू किंवा भावकीतली वाटणी आली की वीस वर्षं प्रसूती केलेल्या बाईंकडे त्या इस्पितळावर हक्क सांगणारा एकही कागद नसतो.

यावरचा इलाज अगदी रुक्ष आहे. भागीदारी पत्र करावं, त्यात नफ्याचं प्रमाण लिहावं, आणि फर्म निबंधकाकडे नोंदवावं. १९३२च्या कायद्याप्रमाणे नोंद नसलेल्या फर्मचा भागीदार करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदाराविरुद्ध किंवा फर्मविरुद्ध दावा लावू शकत नाही, आणि नोंदणीच्या टप्प्यावरच बहुतेक जोडपी कंटाळतात. जागा सासऱ्यांची असेल तर त्यांच्याकडून फर्मच्या नावे नोंदणीकृत भाडेपट्टा घ्यावा. दागिने मोडून घातलेले पैसे फर्मच्या वह्यांत तिच्या भांडवली खात्यावर जमा दाखवावेत. 'घरचेच पैसे' म्हणून सोडले की पुढे ते घरचेही राहत नाहीत. नवऱ्याच्या मालकीच्या धंद्यात ती पगारावर असेल तर प्राप्तिकर कायदा तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच ज्ञानासाठी असेल तरच ते उत्पन्न तिचं मानलं जातं. म्हणजे फार्मासिस्ट पत्नीचा पगार तिचा ठरू शकतो. नुसती बी.ए. झालेली पत्नी त्याच दुकानाचे हिशेब बारा वर्षं ठेवत असली तरी तिचा पगार सहसा नवऱ्याचाच धरला जातो. ही तरतूद कर चुकवणाऱ्यांना रोखण्यासाठी आहे हे मान्य. तिच्या आडोशाने असंख्य जोडप्यांत पगारच ठरत नाही आणि बाईंचं उत्पन्न शून्य राहतं. शून्य उत्पन्नावर बँक उद्या कर्ज देत नाही.

कायद्याने नोकरदार स्त्रीला गृहीत धरलं आहे आणि मालकिणीला विसरलं आहे, याची उदाहरणं छोटी आहेत पण बोलकी आहेत. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर माफ आहे. तेवढंच किंवा त्याहून कमी कमावणाऱ्या वकील किंवा वास्तुविशारद स्त्रीला मात्र वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. नोकरदार स्त्रीला २०१७च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. जिला नोकरी नाही, धंदा आहे, तिला त्यातलं काही नाही. युरोपीय संघाने २०१० मध्येच निर्देश काढून स्वयंरोजगारित स्त्रीला किमान १४ आठवड्यांचा प्रसूती भत्ता मिळण्याची सोय करायला सदस्य देशांना सांगितलं. आपल्याकडे तीन वर्षं प्राप्तिकर विवरणपत्र भरलेल्या आणि उद्यम नोंदणी असलेल्या स्त्रीला असा भत्ता द्यायला नवी यंत्रणा लागणार नाही. उत्पन्न विवरणपत्रात दिसतंच. चौदा आठवडे गाळा बंद राहिला तर त्याचं भाडं निघेल एवढी रक्कमही पुरे, कारण गाळा टिकला तर धंदा टिकतो.

तासांच्या बाबतीत राज्याला करता येण्याजोगं सर्वात उपयोगी काम म्हणजे पाळणाघर, तेही रात्री नऊपर्यंत. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं आहे, पण एकटीच्या क्लिनिकला ते कुठून येणार? नगरपालिकांच्या पटसंख्या घटलेल्या शाळांत तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या आहेत. वरच्या फिजिओथेरपिस्टला संध्याकाळचे आणखी अडीच तास मिळाले आणि चारच सिटिंग वाढली, तर महिन्याला ४०,००० जास्त जमा होतात. कायमचा खर्च आधीच निघालेला असल्याने ते जवळजवळ पूर्ण हातात पडतात, २५,००० चे ६५,००० होतात. कोणत्याही कर्ज मेळाव्याने इतका फरक पडत नाही.

हक्कसोडपत्राचं काय करावं? बंदी घालणं चूक ठरेल, बहिणीचा स्वेच्छेचा अधिकार तिच्याकडेच राहायला हवा. पण दस्तावर सोडलेल्या हिश्श्याची रेडी रेकनरप्रमाणे किंमत ठळक छापणं सक्तीचं करता येईल. ₹२०० ची साडी नेसवून ४० लाखांची सही घेताना निदान दोघांनाही आकडा दिसू दे.

आणि यश मोजायचं ते वाटलेल्या कर्जांच्या संख्येवरून मोजणं थांबवलं पाहिजे. पहिलं कर्ज मेळाव्यात मिळतं. धंदा चालला की नाही ते दुसरं कर्ज सांगतं. प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्राने दरवर्षी एवढंच छापावं: तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या स्त्रियांच्या किती उद्योगांनी दुसरं, आधीपेक्षा मोठं कर्ज घेतलं, किती जणींनी पहिला पगारी माणूस ठेवला, म्हणजे ११ मधून १२ मध्ये किती गेल्या, आणि त्यात पदवीधर किती. यासाठी घरोघर फिरायची गरज नाही. उद्यम नोंदणी पॅनशी जोडलेली आहे आणि उलाढालीचे आकडे प्राप्तिकर व जीएसटीच्या नोंदींतून तिथे येतात. कर्जाची नोंद बँकेकडे असते. पदवीचा एक रकाना वाढवला आणि या याद्या एकमेकींशी जुळवल्या की उत्तर पंधरा दिवसांत टेबलावर येईल. ते छापायची तयारी दाखवणारा जिल्हा कोणता, एवढंच पाहायचं आहे.